अडचण : काही नाही

जुलै संपत आला की माझ्या टेबलावर बेचाळीस फॉर्म येऊन पडतात. आकडा दर वर्षी थोडा मागेपुढे होतो, फॉर्म मात्र तोच. वर कॉलेजचं नाव, उजव्या कोपऱ्यात फोटोची चौकट, खाली नाव, गाव, प्रवर्ग, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, छंद. आणि सगळ्यात शेवटी, शिक्का मारायच्या जागेच्या जरा वर, तीन ओळींचा रकाना : 'विद्यार्थ्याची अडचण'.

व्यवसायात शेती, नाहीतर मजुरी. रक्तगट निम्म्यांना ठाऊक नसतो, मग शेजारच्याचा उतरवतात. एका वर्षी खिडकीकडचा अख्खा बाक ओ पॉझिटिव्ह निघाला होता. छंद सगळ्यांचा वाचन, मुलगा असला तर वाचन व क्रिकेट. आमच्या ग्रंथपालांना या वाचनाची काही खबर नाही. अडचणीच्या रकान्यात 'काही नाही'. कुणी नुसतंच 'नाही', कुणी 'निरंक'. हा निरंक तहसीलच्या खिडकीवर उत्पन्नाचा दाखला काढता काढता शिकलेला असतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.ए.च्या मुलांना भूगोल शिकवते. एकोणीस वर्षं झाली. पहिली सहा-सात वर्षं मी हे फॉर्म गोळा केले, पंच केले, फाइलला लावले आणि फाइल कपाटात ठेवून दिली. प्रत्येक शिक्षकाकडे काही मुलं सोपवायच्या या योजनेचं नाव आधी 'शिक्षक-पालक' होतं, पुढे 'मेंटॉर-मेंटी' झालं. नॅकची समिती येणार असली की फाइल बाहेर निघते. १९९४ साली स्थापन झालेली नॅक देशभरातल्या उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करते आणि एका मार्गदर्शकामागे विद्यार्थी किती, हेही विचारते. विचारावंच. आम्ही उत्तर म्हणून एक भागाकार देतो : एकूण विद्यार्थी भागिले एकूण शिक्षक. भागाकार बरोबर असतो.

बेचाळीस मुलं आणि एकालाही अडचण नाही. तीही यवतमाळ जिल्ह्यात.

मला पहिल्यांदा काही दिसलं ते हजेरीपटात. एका दिवाळीच्या सुट्टीत अंतर्गत गुण भरायचे म्हणून हजेरीची बेरीज करत बसले होते. हजर असेल तर 'ह', नसेल तर 'गै'. भूगोलवाल्यांना एक खोड असते, कुठं ठिपके दिसले की त्यांचा नकाशा करून बघायचा. पान जरा लांब धरलं, तर 'गै' इकडेतिकडे सांडलेले नव्हते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ते दाट होत गेले होते, आणि तेही ठरावीक नावांपुढे. मी ती नावं गावांप्रमाणे लावली. सोयाबीनची गावं आधी रिकामी झाली होती, कपाशीची नंतर. हजेरीपट नावाच्या त्या लांबोळक्या वहीत माझ्या तालुक्याचं पीक-वेळापत्रक उतरलं होतं आणि मी इतकी वर्षं त्याच्याखाली टक्केवारी काढत होते.

सोयाबीन शंभरेक दिवसांचं पीक. जूनअखेर पेरलं की दसऱ्याच्या आसपास सोंगणीला येतं, आणि आलं की थांबत नाही, शेंगा तडकतात. कपाशीचं उलट. दसरा झाला की सीतादही होते, म्हणजे पहिल्या वेच्याच्या दिवशी वावरात दहीभाताचा नैवेद्य. मग वेचणी चालू ती संक्रांत ओलांडेपर्यंत, फरदड ठेवली, म्हणजे कपाशी न उपटता तशीच राखली, तर आणखी पुढे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. हात चालणारी मुलगी दिवसाला चाळीस-पन्नास किलो वेचते. तिची आई तिच्या दुप्पट वेचायची, पण आईची कंबर आता गेलेली असते.

याच्या डोक्यावर परीक्षा. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १९८३ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालं. या दोन्ही विद्यापीठांत परीक्षांना ऋतूंची नावं आहेत : हिवाळी आणि उन्हाळी. नावं मोठी देखणी. फक्त हिवाळी परीक्षेचे फॉर्म, अंतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिकाच्या वह्या आणि पेपर हे सगळं नेमकं वेचणीच्या महिन्यांत येतं. त्याच महिन्यांत घरात वर्षाचा पैसा यायचा असतो. वरून ७५ टक्के हजेरीचा नियम. मी नियमाच्या विरुद्ध नाही. वर्गात न येता बी.ए. झालेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याकडे पाहून नियम असावा असंच वाटतं. पण नियमाला सप्टेंबर आणि फेब्रुवारी यांतला फरक कळत नाही, तो कळावा म्हणून तर तिथं माणूस बसवलेला असतो.

२०१७ चा सप्टेंबर-ऑक्टोबर आमच्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माझ्या वर्गातला एक मुलगा त्या दिवसांत नऊ दिवस आला नाही. दहाव्या दिवशी डोळे लालभडक घेऊन मागच्या बाकावर बसला. मी विचारलं, तर म्हणाला, "काही नाही मॅडम, दवाखान्यात होतो." काही नाही, आणि दवाखान्यात. माझ्या वहीत तोवर नऊ 'गै' पडले होते, शाईही दोन रंगांची.

त्या वर्षी मी फॉर्म बदलला. अधिकृत फॉर्म कपाटासाठी ठेवला, आणि माझ्यासाठी एक फुलस्केपचा कागद केला. त्यात अडचण विचारलीच नाही. घरून किती वाजता निघता? थांब्यापर्यंत किती चालावं लागतं? परतीची शेवटची गाडी कोणती? ती चुकली तर काय करता? घरी वावर किती, आणि दुसऱ्याच्या वावरात कोणत्या महिन्यात जाता? घरात अभ्यासाला दिवा कुठं आहे? मोबाइल कुणाचा? या प्रश्नांना 'निरंक' लिहिता येत नाही. एकानं लिहिलं होतं, 'मोबाइल भावाचा, भाऊ पुण्याला, म्हणून मोबाइल पुण्याला.' तरी त्यानं तोच नंबर कॉलेजच्या ग्रुपमध्ये दिला होता. परीक्षेच्या तारखा दोन वर्षं पुण्याला पोचत होत्या.

मग मी विभागातला १:५०,००० चा टोपोशीट काढला. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. बेचाळीस टाचण्या लावल्या. लाल टाचणी म्हणजे गावात एसटी येते, निळी म्हणजे फाट्यापर्यंत चालावं लागतं. डोंगराकडची कोलाम आदिवासींची पोडं, म्हणजे वस्त्या, बहुतेक सगळी निळी. नागपूर-हैदराबाद महामार्ग नकाशात जाडजूड दिसतो आणि त्याच्यावरून दिवसभर ट्रक धावतात, पण हात दाखवून थांबणारी गाडी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आमची प्रात्यक्षिकं दुपारी दोनला. एका बाजूची गाडी दीडला सुटते. म्हणजे त्या रस्त्यावरच्या सहा मुली प्रात्यक्षिकाला 'निष्काळजी' होत्या, आणि तसा शेरा माझ्याच अक्षरात होता. वेळ बदलायला मला प्राचार्यांकडे एक अर्ज करावा लागला. फक्त एक अर्ज. त्याला अकरा वर्षं लागली होती.

एसटीवर हे सगळं किती लोंबकळत असतं, ते २०२१ मध्ये कळलं. कोरोनानंतर कॉलेजं २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली. मुलांना दीड वर्षानंतर पाहिलं, पोरं उंच झाली होती. आणि दोन-तीन आठवड्यांत एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. सवलतीच्या पासवर येणारा विद्यार्थी तिकिटाचा एक तृतीयांश खर्च करतो. काळीपिवळीवाला सवलत देत नाही. त्या वर्षीच्या माझ्या वहीत तालुक्याच्या गावातली मुलं 'ह' आणि बाकी तालुका 'गै'. त्यातली काही पोरं पुन्हा आलीच नाहीत. संप मिटला तेव्हा त्यांना बोलवायला कुणी गेलं नव्हतं. आम्ही सगळे ऑनलाइन परीक्षेच्या लिंका पाठवण्यात होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले, ती सांगते. इतका वेळ टाळत होते.

ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. हुशार म्हणावी अशी, पण पहिल्या नंबरातली नाही. वही नेटकी, समोच्च रेषा एका दमात काढणारी. पहिल्या वर्षी हजेरी ऐंशीच्या पुढे होती. दुसऱ्या वर्षी ऑगस्टपासून सकाळच्या तासांना दिसेना. दुपारी कधी वऱ्हांड्यात भेटायची. "काय गं, कुठं असतेस?" विचारलं की, "येतो नं मॅडम, सोमवारपासून येतो." आमच्या वऱ्हाडीत मुलीही 'येतो' म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी दचकू नये. सोमवार येऊन जायचा.

माझ्या फुलस्केपच्या कागदावर तिनं सगळं भरलं होतं. सातची गाडी, फाट्यापर्यंत पाऊण किलोमीटर, अडीच एकर कोरडवाहू, मोबाइल वडिलांचा. मी तो कागद वाचला होता. आणि वाचून मला असं वाटलं की मला आता ती माहीत आहे. माझ्या त्या कागदानं माझ्यात थोडी मिजासही आणली होती, ते कबूल करते.

सप्टेंबरअखेर कार्यालयातून ५० टक्क्यांच्या खालच्या मुलांची यादी आली. कॉलेजचं छापील पत्र असतं : 'आपला पाल्य महाविद्यालयात सतत गैरहजर असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपण याकडे लक्ष द्यावे.' गाळलेल्या जागेत नाव, टक्केवारी, खाली मार्गदर्शक शिक्षकाची सही. चौदा पत्रं होती. मी एका तासिकेच्या वेळात चौदा सह्या केल्या. पत्रं टपालानं गेली.

आठ-नऊ दिवसांनी तिचे वडील आले. धुतलेला पांढरा शर्ट, खिशात ते पत्र चौपदरी घडी घालून. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पोट्टी तं रोज सातच्या गाडीनं निंघते. पास हाये तिचा. मंग जाते कुठं?"

प्रश्न त्यांच्या तोंडून बाहेर पडला त्या क्षणाला मला कळलं की मी काय केलं आहे. मी काहीबाही बोलले. ग्रंथालयात असेल, दुसऱ्या विषयाच्या तासाला असेल, आमच्या हजेरीत चूक असेल. ते पत्राकडे बघत होते. पत्रात ३८ टक्के लिहिलं होतं आणि खाली माझी सही होती. छापील कागदापुढे माझं तोंडी बोलणं कितीसं टिकणार?

ती कुठं जायची, ते मला चार दिवसांनी तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. तहसीलसमोरच्या गल्लीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, तिथं सकाळी आठ ते एक बसायची. टायपिंग येत होतं तिला. महिन्याला अडीच हजार. त्यातून परीक्षेची फी, पास, आणि एमएस-सीआयटीचा हप्ता. घरी सांगितलं नव्हतं, कारण दुकान एका तरुण मुलाचं, आणि गावाला बोलायला तेवढं पुरतं. आणि ती तिथं बसून काय करत होती, तर आमच्याच कॉलेजच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरत होती. माझ्या बेचाळिसांतल्या निम्म्या मुलांचे महाडीबीटीचे अर्ज तिच्या हातचे होते. त्या वर्षी एकाही अर्जात त्रुटी निघाली नाही, याचं कौतुक कार्यालयातल्या बाबूंनी माझ्याजवळ केलं होतं.

मी तिच्या गावी गेले. अकरा किलोमीटर, आमच्या मराठीच्या मॅडमच्या स्कूटीवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, पांढरा. घरी तिच्या आईनं चहा केला, पाटावर बसायला चादर टाकली. ती आत होती, पडद्याच्या मागे पावलं दिसत होती. मी दुकानाचं, कामाचं, फीचं सगळं सांगितलं. तिनं काही वावगं केलेलं नाही, उलट स्वतःच्या पायावर शिकत होती, असं म्हणाले. वडील शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही मॅडम. तुमी पत्र धाडलं नसतं तं आमाले समजलंच नसतं."

तिला पुन्हा कॉलेजात पाठवलं नाही. लग्न लगेच झालं नाही, वर्षभरानं झालं. मी निघताना तिनं पडद्याआडून "येतो मॅडम" म्हटलं. आमच्याकडे निरोप देणाराही कधी कधी तसंच म्हणतो.

काही वर्षांपूर्वी रिफ्रेशर कोर्सला एका व्याख्यात्यांनी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाची गोष्ट सांगितली होती. २००७ च्या सुमाराला तिथं 'कोर्स सिग्नल्स' नावाची संगणकीय पद्धत सुरू झाली. विद्यार्थ्याचे गुण, संकेतस्थळावर तो किती वेळा येतो, आधीची कामगिरी, असं सगळं धरून प्रत्येकाला दिवा : हिरवा, पिवळा, लाल. लाल लागला की शिक्षकाकडून निरोप. ज्यांनी असे दोन किंवा जास्त विषय घेतले ती मुलं विद्यापीठात टिकतात, असा दावा झाला आणि त्याचं मोठं नाव झालं. मग २०१३ मध्ये कुणीतरी साधा प्रश्न विचारला : दोन विषय घेतले म्हणून मुलं टिकली, की टिकली म्हणून त्यांना दुसरा विषय घेता आला? सभागृहात सगळे हसले. मीही हसले. आता तो दिवा आठवला की मला त्या चौदा पत्रांतली माझी सही दिसते. लाल दिवा लावायला फार अक्कल लागत नाही. तो कुणाच्या घरात उजेड पाडणार आहे आणि तिथं काय जळेल, हे त्याला ठाऊक नसतं.

त्याच व्याख्यात्यांनी अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचंही सांगितलं होतं, आणि ते मला जास्त कामाचं वाटलं. तिथं २०१२ पासून आठशेवर बारीकसारीक खुणांवर नजर ठेवतात. पण त्यांनी नुसती नजर ठेवली नाही, खुणा दिसल्यावर मुलाशी बोलायला सल्लागार वाढवले. आणि त्याच्याही एक वर्ष आधी दुसरी एक गोष्ट सुरू केली होती. फीची थोडकी बाकी राहिली म्हणून ज्यांची नावं कमी होणार होती, अशा मुलांच्या खात्यात विद्यापीठानं स्वतःच ती बाकी भरून टाकली. रक्कम सरासरी हजार डॉलरच्या आतली. मूल बाहेर पडतं ते पुष्कळदा एवढ्याशा फटीतून.

आमच्या फटी त्याहून अरुंद आहेत. तीनशे रुपयांचा पास, हजाराच्या आतबाहेरची परीक्षा फी. शिष्यवृत्ती येते, पण येते तेव्हा उन्हाळा असतो. आणि आली तरी सापडत नाही, हा एक वेगळाच प्रकार. पैसे आधारशी शेवटच्या जोडलेल्या खात्यात जातात. मुलानं कॉलेजच्या फॉर्मवर लिहिलेलं बँक खातं वेगळं, आणि बाजारात छत्रीखाली बसलेल्या माणसाकडून नवं सिम घेताना अंगठा लावून नकळत उघडलं गेलेलं खातं वेगळं. पैसे त्या दुसऱ्या खात्यात. मूल शपथेवर सांगतं, मिळाले नाहीत. संगणक सांगतो, मिळाले. दोघंही खरं बोलतात. हे शोधून काढायला ती सगळ्यात पटाईत होती. आता हे काम मी करते, आणि तिच्या निम्म्यानंही मला जमत नाही.

तर आम्ही डबा सुरू केला. चिवड्याचा रिकामा स्टीलचा डबा, स्टाफरूमच्या कपाटावर. अकरा जण, महिना दोनशे रुपये. तासिका तत्त्वावरच्या दोघांना आम्ही नको म्हटलं होतं, त्यांचं स्वतःचं मानधन कधी येईल याचा भरवसा नसतो, पण ते शंभर-शंभर टाकतातच. पास, परीक्षा फी, एकदा चष्मा. वहीत नाव लिहीत नाही, रक्कम आणि तारीख लिहितो. परत आले तर आले. एका मुलानं साडेतीनशेच्या बदल्यात संक्रांतीला पिशवीभर तुरीच्या शेंगा आणून ठेवल्या. त्या हिशेबात कशा दाखवायच्या यावर अर्थशास्त्राच्या सरांनी अर्धा तास खल केला आणि मग सोल्यांची आमटी करायला घरी घेऊन गेले.

मंदगती विद्यार्थ्यांच्या यादीबद्दल थोडंच सांगते, कारण त्यावर बोलले की माझा तोल जातो. पहिल्या चाचणीनंतर 'प्रगत' आणि 'मंदगती' अशा दोन याद्या करायच्या असतात. मंदगतींसाठी जादा तास. हेतू चांगला आहे. पण एका वर्षी ही यादी कुणीतरी नोटीस बोर्डावर लावली. एका पोडावरून येणारा मुलगा त्या यादीत होता. घरी कोलामी, शाळेत मराठी, पेपरात पुस्तकी मराठी. उत्तरं दोन ओळींची, पण दोन्ही ओळी बरोबर. जादा तासाला तो एकदाही आला नाही. मी त्याला बोलावून तोंडी विचारलं तर नदीचं अपहरण म्हणजे काय, एक नदी दुसरीचं पाणी कसं ओढून घेते, हे त्यानं टेबलावर पाण्याच्या बोटानं काढून दाखवलं. भूगोलात पास झाला, इंग्रजीत दोनदा राहिला, एटीकेटीवर पुढे गेला. सध्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजी अजून बाकी आहे. काय होईल सांगता येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात वर्षभर शिकून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. कमावलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, 'श्रेयांक बँके'त जमा, तीन वर्षांत परत यायची मुभा, सात वर्षांत पुरं करायचं. आमच्याकडे हे २०२४-२५ पासून आलं. मी आधी कुरकुरले. मूल गळालं तर आता त्याला 'एक्झिट' म्हणतील आणि आमचा तक्ता स्वच्छ दिसेल, असं स्टाफ मीटिंगमध्ये बोललेही. अजूनही ती भीती आहे. देशाचं उच्च शिक्षणातलं पटनोंदणीचं प्रमाण २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत २८.४ टक्के होतं, त्या आकड्यात नाव घातलेलं मूल दिसतं, सातची गाडी चुकून फाट्यावर उभं असलेलं दिसत नाही. पण परत यायची मुभा, हे शब्द वाचताना मला एकच चेहरा दिसत होता, हेही खरं. ती जुन्या अभ्यासक्रमाची, तिला हे लागू नाही. तरी.

पत्रं अजून जातात. विद्यापीठाला उद्या विचारलं तर पालकांना कळवल्याचा पुरावा लागतो, प्राचार्यांचंही बरोबर आहे. मीटिंगमध्ये मी एवढंच मान्य करून घेतलं की सही करण्याआधी मार्गदर्शकानं त्या मुलाशी एकदा समोरासमोर बोलायचं, आणि बोलल्याची तारीख मागे पेन्सिलीनं लिहायची. पेन्सिलीनं, कारण पेननं लिहिलं की ते लगेच फाइलसाठी होतं. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला नऊ पत्रं आली. बोलल्यावर दोन पाठवली. बाकी सातांपैकी चार जण वेचणीला जात होते, एक आईला घेऊन सावंगीच्या दवाखान्यात, एक पोलीस भरतीसाठी मैदानावर. एक नुसताच टपरीवर बसत होता. त्याचं पत्र खरं तर जायला हवं होतं, पण त्याचे वडील मला माहीत होते.

मागच्या दिवाळीआधी बसस्टँडवर उभी होते. गर्दी भरपूर, गाडी लागलेली नाही. मागून कुणीतरी "मॅडम" म्हणालं. कडेवर दीड वर्षाचं पोर, हातात बाजाराची पिशवी, त्यात झेंडू. मला बोलायला शब्द सुचेनात, तीच बोलली. सासर इथून वीस किलोमीटरवर. मालक बरे आहेत. गावात ग्रामपंचायतीच्या संगणकावर बसायला कुणी नाही, सरपंचबाई विचारत होत्या, पण त्यांना पदवीधर पाहिजे.

मग पोराला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "माहा टीसी कोणी काढला का तिथून?"

नव्हता काढला. मला पक्कं माहीत होतं, मी दर वर्षी बघते. "तुझा टीसी आहे तिथंच," मी म्हटलं.

"मंग तिसऱ्या सेमिस्टरचे फॉर्म कधी सुटते?"

मी म्हटलं, जुना अभ्यासक्रम आहे, बाबूंना विचारावं लागेल, विचारून कळवते. कळवते म्हणाले आणि माझी मलाच जीभ चावावीशी वाटली. तिच्याही ते लक्षात आलं असावं. गाडी लागली, लोक दाराकडे धावले. तिनं नंबर सांगितला, मी पर्समध्ये कागद शोधला, सापडला नाही, सकाळच्या तिकिटाची मागची बाजू काढली.

"हा माहाच हाये," ती चढता चढता म्हणाली, "पण सकायी नका करू. तीनच्या बादमंदी करा. तवा घरी मी एकटी असतो."

मी नंबराखाली लिहून घेतलं : तीननंतर.